सहकारी कलादालनात वर्ग कसे भरवावेत: वेंगुर्ल्यातल्या वेळापत्रकाच्या वहीतून

गावात कलादालन काढायचं ठरलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे आधी प्रदर्शन येतं. उद्घाटनाला पाहुणा कोण, भिंतीला रंग कुठला, दिवे पिवळे की पांढरे, यावर सभा रंगतात. पण वेंगुर्ल्यासारख्या गावात प्रदर्शन बघायला माणसं एकदा येतात, फार तर दोनदा. त्याच माणसांच्या हातात काम दिलं, तर ती वर्षभर येत राहतात. शाळेतली चित्रकला शिक्षिकेची नोकरी संपल्यावर आमच्या दालनातल्या वर्गांचं आणि बैठकांचं वेळापत्रक माझ्याकडे आलं. आता मालवण-देवगडकडूनही विचारणा होते, की आमच्याकडे असं काही करायचं तर सुरुवात कुठून करू? त्यांच्यासाठी सविस्तर लिहिते आहे.

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगते. वर्ग दालनाच्या सोयीने लावू नका. ज्यांनी यावं असं वाटतं त्यांच्या हातांना उसंत कधी असते ते शोधा, आणि तिथे वर्ग बसवा. बाकीचं सगळं त्यातून सुचत जातं.

गावाचं वर्ष कागदावर मांडा

एक मोठा कार्डशीट घ्या, बारा महिन्यांचे रकाने आखा आणि गाव कधी कशात गुंतलेलं असतं ते लिहून काढा. एकट्याने करू नका. एक मासेमारी करणाऱ्या घरातली बाई, एक शेतकरी, एक शाळेतलं कोणी आणि एक दुकानदार, एवढे तरी सोबत हवेत. आमच्या कागदावर काय आलं ते सांगते, तुमच्याकडे थोडं वेगळं येईल.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. होड्या वर ओढलेल्या, जाळी घरात, माणसं घरात. बंदराकडच्या घरांना वर्षात एवढी मोकळीक पुन्हा मिळत नाही. पण त्याच दिवसांत शेतीवाल्यांची लावणी चालू असते, कंबर मोडेस्तोवर काम असतं. म्हणून जून-जुलैचे वर्ग आम्ही बंदराच्या बाजूला, तिथल्याच एखाद्या पडवीत घेतो आणि शेतीवाल्या वाड्यांना त्या दिवसांत बोलावतच नाही.

आषाढ लागला की गणपतीच्या शाळा, म्हणजे मूर्ती घडवायचे कारखाने, सुरू होतात. आपापला पाट शाळेत नेऊन द्यायचा आणि त्याच पाटावर आपली मूर्ती घडवून घ्यायची, ही आपल्याकडची रीत. गावात ज्यांच्या हातात ब्रश बरा चालतो असे सगळे त्या दिवसांत तिथे अडकलेले असतात. अशा वेळी रंगकामाचा वर्ग लावला तर शिकवायला कोणी मिळत नाही, आणि मिळालं तर त्या माणसाची हंगामाची कमाई बुडते. त्यापेक्षा मूर्तिकाराशी बोला आणि मोठी मुलं चार-चारच्या गटाने शाळेत नेऊन बसवा. माती मळणं, हात-पाय साच्यातून काढून जोडणं, पाण्याचा हात फिरवून सांधा बुजवणं, हे बघताना मुलं जे शिकतात ते दालनात शिकवता येत नाही. डोळ्यांची आखणी चालू असेल तेव्हा मात्र कोणी बोलायचं नाही, ही अट आधीच घालून ठेवावी. आणि मूर्तिकाराला मानधन द्यायचं. मुलं नुसती बघायला आली तरी त्याचा वेळ जातो.

दिवाळीनंतर जत्रा सुरू होतात. रात्रभर दशावतार बघितलेला माणूस दुसऱ्या दिवशी दुपारी रेषा काढायला येणार नाही, म्हणून आपल्या आणि शेजारच्या गावांच्या जत्रांच्या तारखा कागदावर आधी चढवा. फेब्रुवारी सरत आला की काजू, त्यामागून आंबा. शिमग्यात तर कोणाला काही विचारूच नये. मे महिन्यात चाकरमानी येतात. त्यांची मुलं दुपारभर घरात कंटाळलेली असतात, त्यांना दोन तासांचे छोटे वर्ग फार आवडतात. फक्त शिकवणारा माणूस स्वतःच्या आंब्याच्या पेट्या भरण्यात गुंतलेला नाही ना, ते आधी विचारा.

उरतो तो दिवाळी ते फेब्रुवारीचा काळ. हवा कोरडी, ऊन सौम्य, रंग लवकर सुकतात, कागद ताठ राहतो. बारीक हाताचं सगळं काम आम्ही या महिन्यांत ठेवतो.

दिवसातली वेळ ठरवताना मी एसटीचं वेळापत्रक पुढ्यात घेऊन बसते. दुपारी तीन ते पाच ही वेळ बायकांना बरी पडते, जेवणं आवरलेली असतात आणि संध्याकाळची कामं अजून लागलेली नसतात. वर्ग पाचला संपतो म्हणजे पाचलाच संपला पाहिजे. आडवाडीच्या बाईची गाडी चुकली तर तिच्या घरून पुढच्या वेळी परवानगी मिळत नाही, आणि ती कुणाला सांगतही नाही, नुसती यायची बंद होते. मुलांचे वर्ग रविवारी सकाळी. दहावीला चित्रकलेच्या ग्रेडचे वाढीव गुण मिळतात, इंटरमिजिएटला ए श्रेणी असेल तर ७, बी असेल तर ५, सी असेल तर ३. त्यामुळे पालक परीक्षेच्या तयारीसाठी मुलांना आनंदाने पाठवतात. पाठवू द्या. एक तास परीक्षेचं स्थिरचित्र आणि संकल्पचित्र घ्या, आणि एक तास हातकाम. मुलं थांबतात ती त्या दुसऱ्या तासासाठी.

शिकवणारा माणूस आधी, विषय मागाहून

पुष्कळ ठिकाणी उलटं चालतं. इंटरनेटवर काहीतरी छान दिसतं, त्याचा वर्ग ठरतो, मग शिकवणारा शोधायचा. मी म्हणते, आपल्या तासाभराच्या वाटेवर कोण कोण बसलं आहे ते आधी बघा. वेंगुर्ल्याहून सावंतवाडी आणि कुडाळ, दोन्ही जवळ. सावंतवाडीत चितार आळी आहे, लाकडी खेळणी आहेत, रंगीत लाकडी फळं आहेत, गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे गोल पत्ते आहेत. कुडाळच्या अलीकडे पिंगुळी आहे, तिथल्या ठाकर समाजाची चित्रकथी आहे, चामड्याच्या छायाबाहुल्या आहेत, कळसूत्री बाहुल्या आहेत. पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा मुंबईचे लोक पिंगुळी नकाशावर शोधत होते. आपण तर शेजारी राहतो.

गंजिफाची गोष्ट मी प्रत्येक नव्या वर्गाला सांगते, कारण ती शिकण्या-शिकवण्याचीच गोष्ट आहे. १९७०च्या दशकापर्यंत सावंतवाडीत ही पानं रंगवणारे हात जवळजवळ उरले नव्हते. राजेसाहेब शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्वशीलादेवी यांनी पुंडलिक चितारी या म्हाताऱ्या कारागिराला बोलावलं, त्यांच्याकडून कला समजून घेतली, तरुण मुलामुलींना राजवाड्यात बसवून शिकवायला लावलं. आज राजवाड्यात गेलात तर तिथे बसून पानं रंगवणारी माणसं दिसतात, ती त्या बसण्यामुळे. प्रदर्शनं नंतर झाली, विक्री नंतर झाली. आधी कोणीतरी जाणत्या माणसाशेजारी बसलं.

कारागिराला बोलवायचं तर त्याच्या घरी जा. फोनवर ठरवू नका. घरी गेल्यावर त्याच्या कामाची जागा दिसते, तो जमिनीवर बसतो की पाटावर, उजेड कुठून घेतो, हत्यारं किती आहेत, हे कळतं आणि दालनात तशी मांडणी करता येते. तीन गोष्टी तोंडावर स्पष्ट विचारा. मानधन किती, साहित्य कोण आणणार, आणि काय शिकवायची त्यांची इच्छा नाही. ही तिसरी गोष्ट विचारायला लोक बिचकतात, पण ती सगळ्यात मोलाची. काही रीती घरच्या असतात, काही चित्रं पोथीची असतात. पिंगुळीची चित्रकथी म्हणजे सुट्या चित्रांची पोथी, वीणा, टाळ आणि हुडुक यांच्या साथीने सांगायची. ते चित्र बघून आपण पिशव्यांवर छापायला घेतलं, तर ज्यांचं पोट त्यावर आहे त्यांच्याच ताटातलं काढून घेतल्यासारखं होतं. वर्गात शिकलेली गोष्ट विकायची की नाही, विकली तर कारागिराला काय, हे पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर बोलून घ्या आणि वहीत लिहा.

सगळ्या कामांचा वर्ग होत नाही, हेही सांगायला हवं. खराद्यावर लाकूड फिरत असताना रंगीत लाखेची कांडी त्याला लावतात, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर बसते, मग केवड्याचं पान दाबून चकाकी आणतात. बघायला इतकं सोपं वाटतं की प्रत्येकाला हात घालावासा वाटतो. पण पटाशी निसटली तर बोट जाईल. अशा कामाचं प्रात्यक्षिक ठेवा, सगळ्यांना दोन हात लांब बसवा आणि रंगवायला तयार लाकडी फळं द्या. पांगारा इथे फळा-खेळण्यांत कसा उपयोगी पडतो, लाकूड हलकं आणि मऊ असणं का चांगलं, हे कारागीर सांगत असताना लोक लाकूड हातात घेऊन वजन बघतात. तेवढ्याने पुष्कळ होतं.

गंजिफाचा वर्ग: शेवटून सुरुवात

आमच्याकडे सर्वांत जास्त भरतो तो हा वर्ग, म्हणून याबद्दल नीट लिहिते.

दशावतारी गंजिफाच्या संचात १२० पानं असतात. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी १२ पानं. पान गोल. कामाचा खरा क्रम असा: कापडाचे थर खळीने चिकटवायचे, सुकवायचे, गोल कापायचे, पांढरा लेप द्यायचा, घोटायचं, रंगवायचं, वरून लाख. पहिल्या दिवशी या क्रमाने सुरुवात केली, तर वर्ग संपतो तेव्हा बाईच्या हातात ओल्या कापडाचा तुकडा असतो. घरी जाऊन ती काय दाखवणार? म्हणून आम्ही शेवटून शिकवतो. पहिल्या बैठकीला तयार, घोटलेली कोरी पानं द्यायची आणि एक पान पूर्ण रंगवून घरी न्यायचं. पान कसं बनतं हे दुसऱ्या बैठकीत. तोवर कोऱ्या पानाची किंमत हाताला कळलेली असते, त्यामुळे घोटण्याचा कंटाळा कोणी करत नाही.

पहिल्या दिवशी राजा रंगवायला देऊ नका. मत्स्याचं एक्का-दुर्री द्या, म्हणजे एक-दोन मासे. मासा इथल्या प्रत्येक हाताला माहीत असतो. आमच्या एका आजी पहिल्या दिवशी दारातूनच म्हणाल्या, "बाईंनु, माका जमाचा नाय, हात थरथरता." त्यांना मासा काढायला सांगितला. त्यांनी काढलेल्या बांगड्याचं तोंड आणि शेपूट बघून सावंतवाडीहून शिकवायला आलेले काका खुर्चीतून उठले. आयुष्यभर मासा कापलेल्या माणसाला तो कुठे रुंद होतो आणि कुठे निमुळता, हे चित्रकाराने सांगायची गरज नसते.

मग कासव, मग परशुरामाचा परशू. कोकण परशुरामाचं म्हणून तो सगळ्यांना हवाच असतो. बाहेरच्या कडेची रेघ शेवटी काढायची: ब्रश एका जागी धरायचा आणि पान फिरवायचं. वर्तुळ हाताने काढायला गेलं की फसतं.

दुसऱ्या बैठकीसाठी चिंचोक्याची खळ लागते. चिंच आपल्याकडे सगळ्यांच्या घरात असते, चिंचोके फेकून देऊ नका असं दोन महिने आधी सांगून ठेवा. चिंचोके कढईत वाळूबरोबर भाजले की वरचं तपकिरी टरफल सुटतं. आतला पांढरा भाग रात्रभर भिजवून पाट्यावर किंवा मिक्सरमध्ये अगदी गंधासारखा वाटायचा, त्यात भरपूर पाणी घालून मंद आचेवर सतत ढवळायचं. पांढरट पाणी हळूहळू पारदर्शक आणि चिकट होतं, तेव्हा उतरवून फडक्यातून गाळून घ्यायचं. गुठळी राहिली तर ती पानाच्या आत फोडासारखी दिसते, तेव्हा गाळायचा आळस नको. ही खळ दुसऱ्या दिवशी आंबते, म्हणून ज्या दिवशी वर्ग त्याच सकाळी करा. कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालायची जुनी पद्धत आहे. मोरचूद विषारी असतं. मुलं असतील, आणि वर्गात जेवणा-खाण्याची भांडी फिरत असतील, तर ते आणूच नका.

कापड जुनं, पुष्कळदा धुतलेलं सुती घ्या. धोतर, नऊवारी, मुलांचे लंगोटसुद्धा चालतात. नव्या कापडातली कांजी खळ आत शिरू देत नाही. एक थर, खळ, दुसरा थर, खळ, असं करत जाडी पोस्टकार्डाहून थोडी जास्त होईपर्यंत चढवायचं आणि प्रत्येक वेळी हाताच्या तळव्याने मधून कडेकडे हवा काढायची. मग दोन फळ्यांमध्ये वजनाखाली ठेवायचं. उन्हात ठेवलं तर लवकर सुकतं पण वाकडं होतं, सावलीतच सुकवा. सुकलं की बांगडी ठेवून पेन्सिलीने गोल आखायचं. एकाच मापाच्या बांगड्या सगळ्यांना द्या, नाहीतर संचात पानं लहान-मोठी होतात.

खडूची वस्त्रगाळ भुकटी खळीत कालवून तिचे दोन-तीन पातळ हात द्यायचे. त्यानंतर घोटणं. समुद्रावरचा गुळगुळीत गोटा किंवा मोठी कवडी घ्या आणि पान काचेवर ठेवून घोटत राहा. किती वेळ, असं सगळे विचारतात. उजेडात तिरकं धरल्यावर पानावर खिडकी दिसायला लागेपर्यंत. हे काम गप्पा मारत करायचं आहे, म्हणून मी या टप्प्याला चहा ठेवते.

शेवटचा लाखेचा हात फक्त कोरड्या दिवसांत. सुतार फ्रेंच पॉलिशला वापरतात ती चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून दोन पातळ हात पुरतात. दमट हवेत दिली तर लाख पांढुरकी पडते आणि खालचे रंग मळकट दिसतात. दारं-खिडक्या उघड्या ठेवा, आणि जवळ गॅस, निरांजन, उदबत्ती काही नको. स्पिरिट लगेच पेट घेतं.

संच पूर्ण झाला की तो खेळा. आमच्याकडे पानं कपाटात ठेवायची नाहीत, असं ठरलेलं आहे.

पावसात दालन सांभाळताना

चिऱ्याची भिंत पावसात पाणी पिते. तिला चिकटवून चित्र टांगलं की महिन्याभरात मागून बुरशी धरते. फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना लाकडाच्या छोट्या चकत्या किंवा बाटलीची बुचं चिकटवा म्हणजे मागून हवा खेळते. काच चित्राला टेकू देऊ नका, मध्ये माउंटची पट्टी हवीच. खिळे पितळेचे किंवा स्टीलचे, कारण खाऱ्या हवेत लोखंडाचा गंज कागदावर उतरतो. पोस्टर कलरमध्ये डिंक असतो आणि बुरशीला तो फार आवडतो. पावसाळ्यात मुलांना ॲक्रिलिक द्या किंवा पेन्सिल-कोळसा. कागदाच्या कपाटात लहान बल्ब लावून ठेवा, दिवसातून काही तास पुरे.

लाइट जाणार हे धरूनच चालायचं. त्या महिन्यांत वर्ग पडवीच्या बाजूला, दिवसाउजेडी. रंग कालवायला आम्ही करवंट्या वापरतो, त्या कलंडतात म्हणून खाली काथ्याची छोटी चुंबळ करून ठेवायची. चुंबळ वळणं हाच पावसाळ्यातला एक छान छोटा वर्ग होतो.

आणि श्रावणाच्या शेवटी माटवीची चित्रं. गणपतीवर बांधायच्या माटवीत कवंडळ, कांगणी, तेरडा, हरणं, सुपारी असं कितीतरी रानातून येतं. पुष्कळ घरी आता ते बाजारातून आणतात आणि मुलांना नावं ठाऊक नसतात. जाणत्या माणसाबरोबर मुलांना रानात न्या, एकेक फांदी आणा, समोर ठेवून पेन्सिलीने काढा, खाली स्थानिक नाव लिहा. ओरबाडायचं नाही, एका जातीची एकच फांदी. ही चित्रं आम्ही चतुर्थीच्या आधी दालनात लावतो. चाकरमानी ती बघताना स्वतःच्या आजीकडून ऐकलेली नावं सांगतात आणि आम्ही ती चित्राखाली लिहून घेतो. एकाच झाडाला तीन वाड्यांत तीन नावं निघतात.

पैसे

कारागिराचं मानधन सगळ्यात आधी बाजूला काढा आणि वर्ग संपल्याबरोबर हातात द्या. "पुढच्या महिन्यात बघू" हे शब्द दालनातून हद्दपार करा.

फी काढताना जागा किती आहेत याने भागू नका, कमीत कमी किती येतील याने भागा. समजा मानधन १,५०० रुपये, साहित्य ६००, चहा-खाणं २००, वीज आणि जागेचा वाटा ३००. एकूण २,६००. जागा १२ आहेत, पण ८ जण धरा. प्रत्येकी ३२५ रुपये. बारा जण आले तर १,३०० रुपये उरतात. ते आम्ही मोफत जागांसाठी ठेवतो. मोफत कोण आलं हे फक्त फी घेणाऱ्याला ठाऊक असतं, बाकी कोणाला नाही. निम्मी फी आधी घ्या, म्हणजे साहित्य आणायला कोणाच्या खिशात हात घालावा लागत नाही.

संस्था नोंदवायची असेल तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली किमान १० सभासद लागतात, आणि ते वेगवेगळ्या कुटुंबांतले हवेत. नवरा-बायको-मुलगा मिळून तीन धरू नका. प्रत्येक सभासदाला एक मत, शेअर कितीही असोत. हे कायद्यात आहे म्हणून नव्हे, मला ते मनापासून पटतं: चुंबळ वळणारी बाई आणि मुंबईत चित्रं विकणारा चित्रकार, दोघांचा हात सभेत सारखाच वर होतो. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, आणि गणपती नेमके त्याच सुमाराला येतात. हिशेब मे महिन्यात पूर्ण करा, लेखापरीक्षकाच्या मागे लागा आणि सभा जुलैच्या शेवटी उरकून टाका.

निरोप कसा लिहावा

व्हॉट्सॲपवर फुलं आणि नक्षी असलेलं पोस्टर लोक बघतात आणि पुढे सरकतात. साधा निरोप वाचला जातो. आमचा असा असतो: "बुधवारी दुपारी ३ ते ५. गंजिफाचं एक पान रंगवून घरी न्यायचं. चित्रकला येत नसली तरी चालेल. चष्मा असेल तर आणा. बाकी सगळं इथे मिळेल. फी ३२५, अडचण असेल तर मला एकटीला फोन करा. सव्वापाचची गाडी मिळेल." हाच मजकूर हाताने लिहून गिरणीत, वाचनालयात, मासळी बाजाराच्या तोंडाशी आणि एसटी स्टँडवर लावा. ज्यांच्याकडे फोन मुलाच्या हातात असतो त्या बायका गिरणीत वाचतात.

बैठक, जिथे कोणी शिकवत नाही

महिन्यातून एकदा मोकळी बैठक ठेवा. शिक्षक नाही, विषय नाही, फी म्हणून चहाचे पैसे. प्रत्येकाने घरात अर्धवट पडलेलं काम घेऊन यायचं: गोधडी, क्रोशाचं तोरण, रंग उडालेलं खेळणं, अर्धं चित्र. चटया गोल घालायच्या, म्हाताऱ्या माणसांसाठी भिंतीकडे खुर्च्या. मधोमध सुया, कात्र्या, दोरे यांचं एक सामायिक ताट.

बैठकीत भाषण ठेवू नका. पाहुणा आला तर त्यानेही काहीतरी हातात घ्यावं. एकमेकींचं बघून बायका टाके बदलतात, विचारतात, उसवतात. वर्गात विचारायला लाजणारी माणसं इथे विचारतात. वर्षातून एखादी बैठक रात्री घ्या आणि पिंगुळीच्या कलाकारांना कथा सांगायला बोलवा. त्या रात्री मात्र हातातलं काम बाजूला ठेवून ऐकायचं.

वही

दालनात एक जाड वही असावी, रजिस्टरसारखी. प्रत्येक वर्गाचं एक पान: कोण आलं, कुठल्या वाडीतून, किती साहित्य लागलं, काय उरलं, मानधन दिल्याची सही. शेवटचा रकाना "पुढे काय शिकायचं आहे?" हा. लिहायला वेळ लागला तरी प्रत्येकाकडून भरून घ्या. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं शेजारी बसून आपण लिहायचं, त्यांच्याच शब्दांत.

आमचे पुढचे वर्ग याच रकान्यातून ठरतात. एका कॉलेजातल्या मुलीने "जाळा विणूक शिकवा" असं लिहिलं होतं. तिच्या आजोबांच्या घरात होडी होती, तिच्या घरात नाही. ते वाचून आम्ही जुलैत बंदराच्या पडवीत जाळ्याचा वर्ग लावला. शिकवायला दोघे मच्छीमार, मानधन गंजिफाच्या काकांना जेवढं तेवढंच. साहित्य थोडं लागतं: नायलॉनचा दोरा, विणायची सुई आणि आसाचं, म्हणजे जाळ्याच्या भोकाचं, माप सारखं ठेवायला बांबूची गुळगुळीत पट्टी. पट्टी एकाच रुंदीची सगळ्यांना द्या. सुरुवातीला दोरा जाड आणि रंगीत घ्या, म्हणजे गाठ कुठे सैल राहिली ते दिसतं. पहिल्या बैठकीत नारळ ठेवायची जाळीची पिशवी होते, ती घरी नेता येते. गाठ आवळताना बोटं कापतात, म्हणून चिकटपट्टी जवळ असू द्या. आणि शिकवणाऱ्यांना आधी सांगून ठेवा की वेग कमी करा. त्यांच्या हाताला ती गाठ इतकी सरावाची असते की कुठून कुठे गेली हे बघणाऱ्याला कळतच नाही. त्यांना डाव्या हाताने एकदा करून दाखवायला सांगितलं, की वेग आपोआप उतरतो.